अफगाण बायकांचे हक्क परदेशी फौजेने दिले होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेची फौज २०२१ च्या ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानातून निघाली, तालिबान पुन्हा सत्तेवर आलं आणि बघता बघता मुलींच्या शाळा, बायकांच्या नोकऱ्या बंद झाल्या. मग वीस वर्षं ज्याला हक्क म्हटलं ते खरंच हक्क होते, की बंदुकीच्या आधारावर उभे होते? आणि इथे बसून आपल्याला काही करता येतं का?

मी पुण्यात वकिली करते. मूळ काम कौटुंबिक न्यायालयातलं: पोटगी, मुलांचा ताबा, घरगुती हिंसाचार. पुण्यात शिकायला येणाऱ्या अफगाण मुलामुलींची संख्या पूर्वीपासून मोठी. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचं घरमालकाशी अनामत रकमेवरून भांडण झालं, ते सोडवायला मी गेले. तिथून तिच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या बहिणी. व्हिसाची मुदतवाढ, परकीय नागरिक नोंदणी, गुणपत्रिका, निकाहनाम्याचं भाषांतर अशी त्यांची कामं करता करता त्यांच्या देशाचा कायदा वाचायला लागले. तेव्हा हे उत्तर वकिलीच्या टेबलावरून दिसलं तसं आहे.

आधी सरळ उत्तर: हक्क फौजेनं दिले नव्हते. काबूलमध्ये मुलींची पहिली सरकारी शाळा १९२१ साली सुरू झाली, राजा अमानुल्ला आणि राणी सोराया यांच्या काळात. १९२८ मध्ये मुलींची एक तुकडी उच्च शिक्षणासाठी तुर्कस्तानला पाठवली गेली. पुढच्याच वर्षी बंडाळीत राजाला गादी सोडावी लागली आणि मुलींना परत बोलावलं. १९६४ च्या राज्यघटनेनं बायकांना मताचा अधिकार दिला. यातल्या कशालाही परदेशी रणगाडा लागला नव्हता. काबूलच्या आजीला विचारलं तर ती हे सांगते. आपण मात्र २००१ पासूनच पाढा म्हणायला सुरुवात करतो.

परदेशी फौजेचा पहिला अध्याय तर वेगळाच. १९७८ मध्ये सत्तेवर आलेल्या डाव्या राजवटीनं सातव्या क्रमांकाचा हुकूम काढला. लग्नाचं किमान वय मुलींना १६ आणि मुलांना १८, आणि वधूपक्षाला द्यायच्या रकमेवर ३०० अफगाणींची (अफगाणी हे तिथलं चलन) मर्यादा. कागद म्हणून वाचला तर वावगं काही नाही. पण तो गावात कसा पोचला? साक्षरता वर्गाला बायकांना जबरदस्तीनं बसवून, विरोध करणाऱ्यांना तुरुंगात टाकून. पुढच्या वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौज आली आणि बाईचं शिक्षण ही गोष्ट लोकांच्या मनात त्या फौजेशी जोडली गेली. मीना केश्वर कमाल या बाईंनी १९७७ मध्ये अफगाण बायकांची क्रांतिकारी संघटना काढली होती. त्या सोव्हिएत फौजेच्याही विरोधात होत्या आणि धर्मांध मुजाहिदीनांच्याही. १९८७ च्या फेब्रुवारीत क्वेट्टामध्ये त्यांचा खून झाला. दोन्ही बाजूंना नको असलेली बाई शेवटी एकटी पडते, हे मला त्यांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसतं.

१५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचे सोव्हिएत सैनिक अमू दर्यावरचा पूल ओलांडून गेले. मॉस्कोच्या आधारावरचं नजीबुल्लांचं सरकार त्यानंतरही तीन वर्षं टिकलं. काबूलमध्ये बायका शिकवत होत्या, दवाखाने चालवत होत्या. मॉस्कोतून येणारा पैसा आणि इंधन थांबलं तेव्हा, १९९२ च्या एप्रिलमध्ये, सरकार पडलं. ही तारीख लक्षात ठेवा, कारण फौज जाणं आणि हक्क जाणं यांच्या मधे तीन वर्षं आहेत. त्या तीन वर्षांत सगळं तोलून धरलं होतं ते पगारांनी.

आता २००१ मध्ये तालिबानची पहिली राजवट पाडून अमेरिकेची फौज आली, त्यानंतरचं. २००४ च्या राज्यघटनेचं २२ वं कलम स्त्री आणि पुरुष कायद्यापुढे समान आहेत असं सांगतं. ८३ व्या कलमानं संसदेच्या खालच्या सभागृहात २५० पैकी ६८ जागा बायकांना मिळाल्या. आपल्या लोकसभेत आजही तेवढं प्रमाण नाही. युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे २००१ मध्ये प्राथमिक शाळेत मुली जवळपास नव्हत्या, २०१८ मध्ये २५ लाख होत्या. उच्च शिक्षणातल्या मुली ५,००० वरून एक लाखावर गेल्या. २००९ च्या स्त्री-हिंसाविरोधी कायद्यानं २२ प्रकारची कृत्यं गुन्हा ठरवली. त्यात ‘बाद’ही होतं. बाद म्हणजे दोन घराण्यांचं खुनाचं वैर मिटवायला एका घरची मुलगी दुसऱ्या घराला देऊन टाकणं.

पण हा कायदा अध्यक्षांच्या हुकुमानं आला होता. २०१३ मध्ये तो संसदेकडून पक्का करून घ्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा सनातनी खासदारांनी सभागृह डोक्यावर घेतलं आणि चर्चा गुंडाळावी लागली. म्हणजे फौज असतानाही हा कायदा पायरीवरच बसलेला होता. काबूलच्या बादाम बाग तुरुंगात तेव्हाही ‘नैतिक गुन्ह्यां’साठी बायका डांबलेल्या होत्या, आणि त्यातल्या कित्येकींचा गुन्हा मारहाणीला कंटाळून घर सोडणं एवढाच होता. १९ मार्च २०१५ ला काबूलच्या भर वस्तीत फर्खुंदा मलिकजादा हिला कुराण जाळल्याच्या खोट्या आळावरून जमावानं ठेचून मारलं. पोलीस तिथे होते. परदेशी सैन्य शहरात होतं. तिच्या जनाज्याला मात्र बायकांनी खांदा दिला आणि पुरुषांना ताटीला हात लावू दिला नाही. तो खांदा कोणत्या फौजेनं दिला होता?

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे उत्तर अर्धं राहील. हेलमंद, कंदाहारच्या खेड्यांतल्या बायकांच्या वाट्याला ही वीस वर्षं वेगळी आली. ११ मार्च २०१२ च्या पहाटे पंजवाई जिल्ह्यात एका अमेरिकी सैनिकानं घरांत शिरून १६ माणसं मारली, त्यात ९ मुलं होती. तिथल्या आईला संसदेतल्या ६८ जागांचं काय? रात्रीचे छापे थांबले म्हणून फौज गेल्यावर तिला हायसं वाटलं असेल तर तिला मागासलेली म्हणायचा मला अधिकार नाही. युद्ध थांबणं हाही बाईचा हक्कच आहे. तो तिला मिळाला, आणि त्याच्या बदल्यात तिच्या मुलीची शाळा गेली. ही देवघेव तिला विचारून झाली नाही.

कोणी केली ते कागदावर आहे. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. अफगाण सरकार त्यात पक्षकारच नव्हतं. सैन्य कधी आणि किती जाईल ते आहे, ५,००० पर्यंत कैदी सोडायचे ते आहे, अमेरिकेवर हल्ले होऊ द्यायचे नाहीत ते आहे. बाई हा शब्द नाही. वकील म्हणून मला करारात जे नसतं ते आधी दिसतं. घटस्फोटाच्या तडजोडीत मुलांच्या खर्चाचा उल्लेख राहिला तर पुढे कोण देतो? माझ्या कारकिर्दीत एकानंही आपणहून दिलेला नाही. नंतर सरकारतर्फे बोलणी करायला २१ जणांचं पथक गेलं. त्यात फौजिया कूफी, हबीबा सराबी, फातिमा गैलानी आणि शरीफा झुर्मती अशा चार बायका होत्या. कूफींवर महिनाभर आधीच गोळीबार झाला होता, हाताला जखम घेऊन त्या गेल्या. पण तोवर देण्यासारखं सगळं देऊन झालं होतं.

आता मुख्य मुद्दा. तालिबाननं काय काय बंद केलं ती यादी सगळ्यांना माहीत आहे. २३ मार्च २०२२ ला सहावीच्या पुढच्या मुली दप्तर घेऊन शाळेत पोचल्या आणि काही तासांत परत पाठवल्या गेल्या. त्याच वर्षी २० डिसेंबरला विद्यापीठं बंद झाली, चार दिवसांनी स्वयंसेवी संस्थांतल्या नोकऱ्या. २०२३ च्या जुलैत ब्यूटी पार्लरं, २०२४ च्या डिसेंबरात सुईण आणि नर्सिंगचे वर्ग. पण माझ्या मते या सगळ्यांपेक्षा घातक हुकूम ७ मे २०२२ चा आहे, आणि त्याच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष कमी गेलं.

त्या दिवशी बायकांनी चेहरा झाकावा असा हुकूम निघाला. शक्यतो घराबाहेरच पडू नये, तोच उत्तम हिजाब, असंही त्यात आहे. बातम्या बुरख्याच्या आल्या. पण शिक्षेचा भाग वाचा. बाईनं ऐकलं नाही तर पहिल्यांदा तिचं घर शोधून तिच्या पालकाला, म्हणजे बाप, भाऊ किंवा नवऱ्याला, समज. दुसऱ्यांदा त्याला कार्यालयात बोलावणं. तिसऱ्यांदा त्याला तीन दिवस कोठडी. चौथ्यांदा न्यायालयात उभं करणं. तो सरकारी नोकर असेल तर नोकरीवर गदा.

कोठडी बाईला नाही. शिक्षा तिच्या माणसाला.

आपल्याकडे २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा बाईच्या बाजूनं घरात शिरतो आणि घरातल्या पुरुषाला सांगतो की तू हात उचलायचा नाहीस. हा हुकूम तसाच घरात शिरतो आणि त्याच पुरुषाच्या हातात किल्ली देतो. ज्या बापानं वीस वर्षं पोटाला चिमटा काढून मुलीला शिकवलं, तोच आता दारात उभा राहतो. तो दुष्ट आहे म्हणून नाही, त्याला उद्या कोठडी आहे म्हणून. माझ्याकडे वकिलीचा शेवटचा वर्ग सोडून सुट्टीला गेलेली आणि तिकडेच अडकलेली एक मुलगी आहे. ती फोनवर नेहमी हळू बोलायची. मला वाटायचं शेजाऱ्यांची भीती असेल. एकदा तिनं सांगितलं, पलीकडच्या खोलीत भाऊ असतो. "तो वाईट नाही, मॅडम. तो घाबरतो, आणि त्याला घाबरलेलं बघून मी घाबरते." हे वाक्य मी माझ्या कौटुंबिक न्यायालयातल्या बायकांकडून वेगवेगळ्या शब्दांत शेकडो वेळा ऐकलंय. तिथे मात्र ते राज्याचं धोरण आहे.

म्हणूनच "फौज गेली आणि हक्क गेले" हे वर्णन मला अपुरं वाटतं. नुसत्या सैनिकांच्या जोरावर तालिबानला लाखो घरांवर पहारा ठेवता आला नसता. त्यांनी पहारेकरी घरातूनच नेमला. २०२१ च्या नोव्हेंबरात वकील संघटना न्याय मंत्रालयानं ताब्यात घेतली आणि महिला वकिलांना परवाने मिळेनासे झाले. सुमारे अडीचशे महिला न्यायाधीश होत्या, त्यांतल्या बऱ्याच देश सोडून गेल्या. स्त्री-हिंसेचे खटले चालवणारी यंत्रणाच मोडली. जुन्या न्यायालयांनी दिलेले घटस्फोट काही प्रकरणांत रद्द झाले आणि बायकांना त्याच नवऱ्याकडे परत जायला सांगितलं गेलं. मी वीस वर्षं घटस्फोटाचे निकाल मिळवते आहे. मिळालेला निकाल असा उलटा फिरू शकतो ही कल्पना मला अजून पचत नाही.

मग टिकलं काय? सुईणींचं उदाहरण देते. २००२ च्या पाहणीत बदख्शानच्या राघ भागात लाख जन्मांमागे ६,५०० माता मरत असल्याचं दिसलं. इतका मातामृत्यूदर जगात कुठे नोंदला गेलेला नव्हता. तेव्हा सगळ्या देशात प्रशिक्षित सुईणी पाचशेहूनही कमी. मग असा प्रघात पाडला की गावच्या शूरानं, म्हणजे पंचांनी, गावातलीच बाई निवडायची, तिनं शिकून यायचं आणि गावातच काम करायचं. ती बाई गावानं पाठवलेली होती, म्हणून २०२१ नंतरही तिला कोणी घरी बसवलं नाही. आजही ती बाळंतपणं करते आहे. पण तिच्यामागून येणारी मुलगी २०२४ पासून शिकू शकत नाही. मुळं खोल असली की झाड टिकतं असं म्हणतात. इथे झाड ठेवलं आणि बी भाजून टाकलं.

घरातल्या शाळाही आहेत. तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरातमध्ये शिवणवर्गाच्या नावाखाली बायका साहित्य शिकत होत्या, ‘सोनेरी सुई’ या नावानं. आज तेच काम फोनवर चालतं. २०२५ च्या २९ सप्टेंबरला सगळ्या देशाचं इंटरनेट दोन दिवस बंद पडलं, तेव्हा मी शनिवारी फोनवर घेते त्या वर्गातल्या मुलींचं काय झालं असेल या विचारानं मी दोन रात्री झोपले नाही.

आता आपण काय करू शकतो. मोठ्या पातळीवर कायद्याचे दोन रस्ते उघडलेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं ८ जुलै २०२५ ला तालिबानचे सर्वोच्च नेते हिबतुल्ला अखुंदजादा आणि त्यांचे सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर लिंगाधारित छळाच्या आरोपाखाली अटक वॉरंट काढलं. दुसरं, अफगाणिस्ताननं २००३ मध्ये स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार एकही हरकत न नोंदवता स्वीकारलेला आहे, आणि त्याच्या आधारे चार देशांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात (देशादेशांमधले वाद सोडवणाऱ्या) जायची तयारी २०२४ मध्ये जाहीर केली. यातून उद्या शाळा उघडणार नाही. पण दोह्यात जो शब्द नव्हता तो आता न्यायालयाच्या कागदावर आला आहे, आणि पुढे कोणी या राजवटीशी करार करायला बसेल तेव्हा तो कागद टेबलावर असेल. रशियानं २०२५ च्या जुलैत तालिबानला मान्यता दिली. भारतानंही काबूलमध्ये पुन्हा दूतावास सुरू केला. ऑक्टोबरात तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आले तेव्हा पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. आरडाओरडा झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद झाली आणि बायका पहिल्या रांगेत बसल्या. आरडाओरडा करायचा असतो, तो कामाला येतो.

छोट्या पातळीवरचं काम कागदांचं आहे, आणि ते मला पोटतिडकीनं सांगायचंय. काबूल पडलं त्या आठवड्यात अनेक बायकांनी झडतीच्या भीतीनं आपली प्रमाणपत्रं जाळली, अंगणात पुरली. आज तोच कागद नसल्यामुळे कोणाला प्रवेश मिळत नाही, कोणाचा आश्रयाचा अर्ज अडकतो. एका मुलीनं त्या रात्री मला विचारलं होतं, पदवीचं काय करू. मी सांगितलं, आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढ, मला पाठव, पाठवल्यावर तुझ्या फोनमधून पुसून टाक, मग काय करायचं ते कर. तिनं ती पदवी तंदूरमध्ये टाकली. फोटोत शिक्क्याचा कोपरा तिच्या अंगठ्याखाली अर्धा झाकला गेला होता. त्या अर्ध्या शिक्क्यावर पुढे दोन वर्षं पत्रव्यवहार करून तिचा प्रवेश झाला.

तिच्या तझकिऱ्यावर, म्हणजे ओळखपत्रावर, आईचं नाव नाही. अफगाण बायकांनी "माझं नाव कुठे आहे" अशी मोहीम चालवून २०२० च्या सप्टेंबरात आईचं नाव ओळखपत्रावर छापायचा कायदा करून घेतला, आणि वर्षभरात राज्यच गेलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

भारत निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात सामील नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अफगाणांचे आधीचे व्हिसा एकदम रद्द झाले आणि सुट्टीला गेलेले शेकडो विद्यार्थी तिकडेच अडकले. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात तेव्हा प्रमुखपदी एक अफगाण बाई होत्या. त्यांनी २०२४ च्या मे महिन्यात पद सोडलं आणि वर्षअखेरीला तालिबाननं नेमलेला माणूस तिथे आला. त्यामुळे इथल्या मुलींना पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी कुठल्या दारात जायचं हाच पेच पडतो. नवा पासपोर्ट मागायला गेलं की काबूलमधल्या घराचा पत्ता द्यावा लागतो, आणि तो पत्ता म्हणजे पुन्हा तोच बाप, तोच भाऊ.

तुमच्या महाविद्यालयात, सोसायटीत अशी मुलगी असेल तर मेणबत्ती मोर्च्याच्या आधी तिला तीन गोष्टी विचारा. पासपोर्टची मुदत कधी संपते, निवास परवाना कधी संपतो, आणि गुणपत्रिकांच्या प्रती देशाबाहेर कोणाकडे सुरक्षित आहेत का. मुदत संपायला सहा महिने असतील तेव्हाच वकिलाकडे पाठवा. सहा दिवस राहिल्यावर आलेल्या मुलीसाठी माझ्या हातात फार थोडं उरतं. तुम्ही प्राध्यापक असाल तर शिफारसपत्र आजच लिहून ठेवा आणि त्यात तिच्या विषयाबद्दल नीट दोन परिच्छेद असू द्या. घरमालक असाल तर भाडेकरार नोंदवून द्या, कारण परवान्याच्या अर्जाला तो लागतो. आणि तिचा फोटो, तिची गोष्ट, तिच्या गावाचं नाव समाजमाध्यमावर टाकू नका, कितीही चांगल्या भावनेनं असो. तिचं घर तिकडे आहे, आणि ७ मेचा हुकूम अजून लागू आहे.